चादरबाईच्या घराची तपासणी

"रिपोर्ट कसा हवाय, मावशी? गुळगुळीत की खरखरीत?"

चादरबाईने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, जणू पलीकडचा माणूसच तिच्या मुठीत होता. मग परत कानाला लावला. "म्हणजे हो काय?"

"म्हणजे घर विकायचंय ना तुम्हाला? मग गुळगुळीत. मला यायचीसुद्धा गरज नाही. चार फोटो पाठवा, परवा कागद तुमच्या हातात."

"न बघताच तपासता होय तुम्ही घर?"

"पंचवीस वर्षं झाली या धंद्यात. घरं काय, सगळी सारखीच."

"तपासणारेही सारखेच असतील मग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या मिस्त्रींनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांनी डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या लाकडी हातावर एकदा वाजवलं. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. अडीच वर्षांपूर्वी चहाचा कप तोंडाशी नेताना त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, तेव्हापासून नवराबायकोचा संसार या एक-दोन टकटकींवर चालला होता.

"बरोबर केलं ना मी?" तिने विचारलं.

टक.

ते गवंडी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि रविवारी-रविवारी हे घर बांधलं. खाली पुढची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि न्हाणीघर. मधे चौदा पायऱ्या. बांधलं तेव्हा दोघंही धडधाकट, न्हाणीघर वर का असं कुणी विचारलं नाही. पाणी वर, माणसं वर, उतार छान मिळतो, असं मिस्त्री म्हणाले आणि विषय संपला. आता मिस्त्रींची खाट पुढच्या खोलीत होती आणि चादरबाई दिवसातून आठ वेळा बादली घेऊन त्या पायऱ्या उतरत होती. दोनदा मदतीला बाई ठेवून पाहिली. एक जिना बघून दुसऱ्या दिवशी आलीच नाही, दुसरी महिनाभर आली आणि कंबर धरून गेली.

चादरबाई हे नाव तिला हॉस्पिटलच्या धुलाईत पडलं. एकतीस वर्षं, दिवसाला चारशे चादरी. रक्त, औषधं, उलट्या, आणि जेवताना ज्याचं नाव काढू नये ते सगळं. तिच्या टेबलावरून डाग असलेली चादर कधी वॉर्डात गेली नाही. हाताखालच्या बाया कुरकुरायच्या, "अगं, मरायला टेकलेल्या माणसाला काय कळतोय चादरीवरचा डाग?" ती म्हणायची, "त्याला नाही कळत. त्याच्या बायकोला कळतो." निवृत्त झाली तेव्हा मुकादमाने भाषणात सांगितलं, की ही बाई डागाला वैऱ्यासारखी भिडते. सगळे हसले. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

गेल्या महिन्यात मिस्त्रींना खाटेवरून खुर्चीत घेताना तिचा पाय सटकला. ती खाली, मिस्त्री तिच्यावर. दोन तास दोघं जमिनीवर पडून होती. तिचा एक हात त्यांच्या पाठीखाली अडकलेला, फोन स्वयंपाकघरात. ती बोलत राहिली, न बोलून काय करणार. "अहो, किती वर्षांनी असं शेजारी-शेजारी पडलोय आपण. आणि तुम्ही बघा, झोपही नाही, घोरणंही नाही." शेवटी पोस्टमनने दारातून हाका ऐकल्या.

त्या संध्याकाळी लेक आली. औषधांच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहून-राहून ती थोडक्यात बोलायला शिकली होती. "आई, आता दोनच रस्ते आहेत. माझ्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याच्या दोन खोल्या विकायला निघाल्यात. दारं रुंद, बाथरूम सपाटीला, पायरी एक नाही. मालक पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. हे घर विकलं तर तुम्ही दोघं तिथे, आणि मी जिन्यापलीकडे. नाही विकलं तर बाबांना म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवावं लागेल."

"आणि मला?"

"निवासात फक्त आजारी माणूस घेतात, आई."

चादरबाईने मिस्त्रींकडे पाहिलं. सदतीस वर्षांत ती दोघं तीन रात्री वेगळी झोपली होती, त्याही लेकीच्या बाळंतपणात; हॉस्पिटलातसुद्धा ती त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपली होती.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. शाळेत शिकवणारे एक मास्तर आणि त्यांची बायको. बायकोला सातवा महिना. दोघांना घर आवडलं, खिडक्या आवडल्या, मिस्त्रींशीही ती नीट बोलली. फक्त बँकेची अट होती: त्रयस्थ तपासनिसाचा रिपोर्ट पाहिजे. लेकीने कुठून तरी नंबर मिळवून दिले. पहिला तो गुळगुळीतवाला. दुसऱ्यावर एक बाई भेटल्या.

"घर बांधलं कुणी?" त्यांनी सगळ्यात आधी हेच विचारलं.

"आमच्या मिस्त्रींनीच."

"वा. मग तपासणीच्या वेळी ते घरी असतील ना? बांधणाऱ्याशी बोललं की माझं निम्मं काम होतं."

"घरीच असतात. पण बोलत नाहीत ते."

पलीकडे पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "असू दे. मी बोलेन त्यांच्याशी. आता लिहून घ्या."

चादरबाईने विजेच्या बिलाच्या पाकिटावर लिहून घेतलं. माळ्याचं झाकण मोकळं ठेवा, वर चढता आलं पाहिजे. फ्यूजच्या डब्यासमोर काही नको. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या एका जागी. सगळे दिवे चालू. कपाटं, खाटा भिंतीपासून हातभर पुढे ओढा. भिंतीवर टांगलेलं सगळं उतरवा. नळ, मोऱ्या, टाकीचं झाकण उघडून बघता यावं.

"आणि एक," तपासनीस म्हणाल्या. "आता आठवडाभर रंग काढू नका, काही लिंपू नका. भांडी घासा, भिंती घासू नका. जशा आहेत तशा मला बघू देत."

हेही तिने लिहिलं. पाकिटाच्या कडेला, जागा उरली नव्हती म्हणून आडवं.

मंगळवारी तिचा धाकटा भाऊ मदतीला आला. रंगारी. साठी ओलांडली तरी टोपी तिरकी, आणि तोंड ब्रशपेक्षा जास्त चालणारं. आल्या आल्या मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय भाऊजी, बसून खाताय की नाही? आयुष्यभर मला म्हणालात, रंगारी म्हणजे गवंड्याच्या चुकांवर पांघरूण घालणारा. आता बघा, माझ्याच पांघरुणाची वेळ आली."

टक टक, मिस्त्रींनी वाजवलं.

"नाही म्हणतायत," चादरबाई म्हणाली.

"त्यांना जन्मभर माझं कुठलंच म्हणणं पटलं नाही, आता कशाला पटेल." तो हसला. वाईट हसला नाही. मिस्त्रींच्या झटक्याच्या वेळी हाच हॉस्पिटलच्या बाकावर नऊ दिवस बसला होता.

दोघांनी कपाट ओढलं, शिलाई मशीन ओढलं, माळ्यावरच्या जुन्या पेट्या खाली आणल्या. फ्यूजचा डबा पुसला. मग चादरबाईने पुढच्या खोलीतलं भलंमोठं कॅलेंडर उतरवलं.

खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग होती. बावीस वर्षांपूर्वी शेजारच्याने तळघरासाठी खोल खणलं तेव्हा ती पडली. मिस्त्रींनी ती बुजवली नाही. तिच्यावर आडव्या, बोटभर रुंद अशा प्लास्टरच्या पट्ट्या मारल्या, एकीखाली एक, काही वर्षांच्या अंतराने. पाच पट्ट्या. वरच्या दोन मधोमध तडकलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख. जखमेवर चिकटपट्ट्या लावल्यासारखी ती भिंत दिसायची. पाहुणे विचारायचे, "मिस्त्रींच्या घरात हे असं?" आणि चादरबाईची मान खाली जायची. कितीदा तिने सांगितलं, की अहो, तेवढं नीट करा. ते म्हणायचे, "राहू दे. हात लावू नकोस त्याला." शेवटी तिने कॅलेंडर टांगलं. दर वर्षी मोठ्यात मोठं शोधून आणायची.

"बाई गं," भाऊ म्हणाला. "हे बघून तो मास्तर पहिल्या बसने परत जाईल."

"तपासनीस म्हणाल्यात, भिंतींना हात लावायचा नाही."

"सगळेच म्हणतात तसं. ताई, डॉक्टरकडे जाताना तू आंघोळ करतेस की नाही? मग. आंघोळ केली म्हणून आजार लपतो का? माणूस नीटनेटका दिसतो, एवढंच. केसभर तर भेग आहे. पुट्टी भरतो, वर हात मारतो, जुन्या रंगाशी असा मिळवतो की मलाच सापडणार नाही."

तिने त्या पट्ट्यांकडे पाहिलं. दुपारचं ऊन भिंतीवर तिरपं पडलं होतं आणि पाचही पट्ट्या उठून दिसत होत्या, मळक्या, पिवळसर, जुन्या. असा डाग समोर ठेवून बाहेरच्या माणसाला घर दाखवायचं हे तिच्याच्याने होईना. पाकिटावर आडवं लिहिलेलं तिला आठवत होतं. पण ते आडवं होतं, कडेला होतं.

"कर," ती म्हणाली. "लवकर कर."

भावाने खरवडायचा पत्रा पहिल्या पट्टीखाली घातला आणि मिस्त्रींनी खुर्चीवर हात आपटला. बोट नव्हे, अख्खा पंजा.

चादरबाई धावली. "काय हो? पाणी?"

टक टक.

"लघवीला जायचंय? बादली आणू?"

टक टक.

"पाठ दुखतेय? उशी देऊ? गरम होतंय?"

टक टक. टक टक. मग त्यांनी हात उचलून भिंतीच्या दिशेने धरला. भिंतीसमोर भाऊ उभा होता, भिंतीखाली कॅलेंडर टेकवलेलं. तिने कॅलेंडर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हे घ्या. तारीख बघायचीय होय? आज मंगळवार."

मिस्त्रींनी कॅलेंडर ढकललं. ते खाली पडलं. त्यांच्या घशातून एक आवाज आला, ओल्या वाळूत फावडं घासावं तसा.

"ताई, धूळ लागतेय त्यांना," शिडीवरून भाऊ म्हणाला. "आत ने."

खरंच धूळ उडत होती. तिने खुर्ची मागे वळवली, स्वयंपाकघरात नेली, तोंड पुसलं, पाणी तोंडाला लावलं. त्यांनी पाणी प्यायलं नाही, ते हनुवटीवरून गळलं. ती त्यांच्यासमोर वाकून म्हणाली, "आपल्यासाठीच चाललंय ना हे सगळं? दोघांनी एका घरात राहायचं म्हणून? थोडी कळ काढा." त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग बराच वेळ त्यांचा हात हलला नाही. तिला वाटलं, पटलं त्यांना.

भावाने सगळ्या पट्ट्या काढल्या. चुरा, तुकडे, सगळं झाडून पिशवीत भरलं. बुधवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन घेऊन गेली. भिंत अशी झाली, की चादरबाई दोनदा येऊन तिच्यावरून हात फिरवून गेली.

शुक्रवारी तपासनीस आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, स्वतःची घडीची शिडी स्वतःच्या खांद्यावर घेऊन. आधी मिस्त्रींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "नमस्कार. मी तुमचं घर उघडून बघणार आहे. चालेल?"

टक.

"एक म्हणजे हो," चादरबाई म्हणाली.

तीन तास त्या घरभर फिरल्या. माळ्यावर सरपटत गेल्या. मोरीत बादलीभर पाणी ओतून घड्याळ लावलं. ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवत गेल्या आणि दर वेळी आकडा मोठ्याने सांगत गेल्या. भाऊ त्यांच्यामागे होताच.

"कसं आहे, मॅडम?"

"बोलणारा रंगारी मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण घर आवडलं. न्हाणीघराचा उतार बघा, तीस वर्षांत एक थेंब खाली नाही आला. असं काम आता बघायला मिळत नाही." हे त्यांनी जिन्यावरून मुद्दाम मोठ्याने म्हटलं. खाली मिस्त्रींनी एकदा वाजवलं. चादरबाईला हसू आलं, आणि हसता-हसता तिने मनातल्या मनात तळमजल्याच्या खोलीत खाट कुठे ठेवायची ते ठरवलं.

शेवटची राहिली पुढची खोली. तपासनिसांनी दिवा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. आडव्या उजेडात भिंतीवर एक लांब तिरका फुगवटा उभा राहिला. त्यांनी त्याच्यावरून नख ओढलं.

"हे कधी केलं?"

भावाने टोपी काढली.

"अजून ओलं आहे आत. कधी?"

"मंगळवारी," चादरबाई म्हणाली.

"मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"वाईट दिसत होतं हो."

"केसभर भेग होती, मॅडम," भाऊ म्हणाला. "म्हातारी भेग. काही नव्हतं तिच्यात."

"म्हातारी आहे हे कशावरून? मला तर तीन दिवसांची दिसतेय. कोपऱ्यातून निघून छतापर्यंत गेलीय, म्हणजे पाया खचल्याची भेग. खचून थांबला की अजून खचतोय, एवढाच प्रश्न असतो. आणि तोच तुम्ही बुजवून टाकलात." त्या चादरबाईकडे वळल्या. "भेगेवर काही होतं का? काही खूण?"

"पट्ट्या होत्या," चादरबाई म्हणाली. "मिस्त्रींनी मारलेल्या. प्लास्टरच्या."

तपासनिसांनी टॉर्च विझवला. "तारखा होत्या त्यांच्यावर?"

"पेन्सिलीने."

"फुटल्या होत्या?"

"वरच्या दोन. खालच्या तीन चांगल्या होत्या."

"त्या तिघींतली सगळ्यात जुनी कधीची?"

"लेकीच्या लग्नाच्या वर्षीची." बोलता-बोलता तिचा आवाज बारीक झाला. "सोळा वर्षं झाली."

तपासनीस स्टुलावर बसल्या. चिडून काही बोलतील असं वाटलं होतं, पण त्या हळूच बोलल्या. "प्लास्टरची पट्टी नाजूक असते, बाई. भिंत सुताएवढी हलली तरी ती फुटते. फुटली की समजायचं, भिंत अजून चालतेय. शाबूत राहिली की समजायचं, बसली. सोळा वर्षं न फुटलेली एक पट्टी जरी मला दिसली असती, तर मी दोन ओळी लिहिल्या असत्या. जुनी भेग, हालचाल थांबलेली, काळजीचं कारण नाही. तुमच्या मिस्त्रींनी बावीस वर्षं पुरावा सांभाळला होता."

आता चादरबाईला आठवलं. पहिली पट्टी मारली त्या दिवशी त्यांनी हेच सांगितलं होतं. शिडीवर उभे राहून, हात प्लास्टरने माखलेले. ती खाली कपडे वाळत घालत होती आणि हं हं म्हणत होती.

"तुकडे कुठे आहेत?"

"गाडी घेऊन गेली."

"फोटो असेल एखादा. या भिंतीसमोर काढलेला, वाढदिवसाचा वगैरे."

लेकीला फोन लावला. लेकीने दुकानात उभ्या-उभ्या जुने फोटो धुंडाळून पाठवले. नातवाचे वाढदिवस, मिस्त्री खुर्चीत, चादरबाई मागे. अकरा फोटो. अकराही फोटोंत भिंतीवर कॅलेंडर होतं, दर वर्षी आधीच्यापेक्षा थोडं मोठं.

तपासनीस मिस्त्रींसमोर गेल्या. गुडघ्यावर बसल्या. "मिस्त्री, भिंत थांबलीय?"

टक.

"खात्री?"

टक.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण बँकेला मी टकटक कशी पाठवू?" त्या उठल्या. "ऐकलेलं लिहिता येत नाही मला. दिसलं तेच लिहावं लागतं. नवी पट्टी लावा. वर्षाने मी परत येईन, त्याचे पैसे घेणार नाही."

"वर्षाने?" चादरबाई म्हणाली. "आमच्याकडे अठरा दिवस आहेत."

रंगारी भाऊ दाराशी टोपी हातात धरून उभा होता.

सोमवारी मास्तरांचा फोन आला. फार गोड माणूस, त्यामुळे नाही म्हणायला त्याला दहा मिनिटं लागली. बँक म्हणते, वर्षभर निरीक्षण. घरात बाळ येणार. बायको घाबरलीय. घर छान आहे हो, मिस्त्रींना सांगा. चादरबाई शेवटी म्हणाली, "मास्तर, सुखरूप होऊ द्या सगळं," आणि त्यालाच धीर देऊन फोन ठेवला.

बुधवारी भाऊ आला तो कागद घेऊन. "ताई, एक गिऱ्हाईक आहे. रोखीने घेणारा, बँकेची भानगड नाही. त्याला नावापुरता एक रिपोर्ट पाहिजे, त्याच्या घरात भावाभावांत वाद नको म्हणून. तो तुझा गुळगुळीतवाला, त्याच्याशी बोललोय मी. या अर्जावर तू सही कर, चार फोटो पाठवले की परवा कागद. आणि खोटं काय आहे त्यात? भिंत थांबलेलीच आहे. तुला माहितीय, मला माहितीय, त्या बाईलाही माहितीय. तुझं नुकसान मी केलं, मलाच भरून काढू दे."

चादरबाईने कागद घेतला. दोनदा वाचला. लेकही आली होती, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

"तुम्हा दोघांना कुणी विचारलंय?" चादरबाई म्हणाली. ती उठली, मिस्त्रींच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली आणि त्यांचा डावा हात आपल्या हातात न घेता मोकळा सोडला.

"अहो. मंगळवारी मी तुम्हाला सहा गोष्टी विचारल्या. भिंतीचं विचारलं नाही. आज विचारते. त्या न बघता लिहिणाऱ्याकडून कागद घ्यायचा का?"

टक टक. लगेच.

"नीट ऐका. घर विकलं नाही तर महिनाअखेरीला त्या खोल्या जातील. तुम्हाला निवासात जावं लागेल. एकट्याला. मी तुम्हाला आता उचलू शकत नाही, माझे हात संपलेत. हे कळतंय ना?"

टक.

"मग परत विचारते. घ्यायचा कागद?"

मिस्त्रींनी खिडकीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, त्यांनीच घातलेल्या चौदा पायऱ्यांकडे. त्यांचं बोट वर गेलं आणि दोनदा आलं, सावकाश, मधे पुरेसं अंतर ठेवून, कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून.

भाऊ म्हणाला, "ताई, त्यांना काय कळतंय..."

"तू गप," ती म्हणाली. कागदाची तिने चार घड्यांची घडी घातली, चादरीची घालतात तशी कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि भावाच्या खिशात ठेवली. "जेवून जा."

महिनाअखेरीला तळमजल्याच्या खोल्या एका दुकानदाराने घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रींना निवासात नेलं. लांब इमारत, लांब व्हरांडा, फिनेलचा वास. धुलाईचा दरवाजा चादरबाईला वासानेच सापडला. तिने मेट्रनला विचारलंसुद्धा, "धुलाईत माणूस लागतं का? मी फुकट करीन." मेट्रन म्हणाली, कपडे बाहेर जातात, कंत्राट दिलंय. भेटीची वेळ अकरा ते चार. आणि पहिले तीन दिवस घरच्यांनी येऊ नये, माणूस लवकर रुळतो.

चौथ्या दिवशी ती दोन बस बदलून पावणेअकराला फाटकाशी उभी होती.

व्हरांड्यात ओळीने खुर्च्या होत्या. ती मिस्त्रींच्या पुढून निघून गेली आणि चार खुर्च्यांनंतर मागे फिरली. त्यांची मिशी काढली होती. सदतीस वर्षांत तिने त्यांचा वरचा ओठ पाहिला नव्हता. तो फिकट होता, लांब होता, आणि त्यामुळे चेहरा कुणाच्या तरी भित्र्या धाकट्या भावासारखा दिसत होता.

"आजी, ओळखलं की नाही?" तिथली मदतनीस मुलगी हसत आली. "बघा कसे छान स्वच्छ केलेत आजोबांना."

"कुणी सांगितलं काढायला?"

"जेवताना अडकतं ना त्यात. सगळ्यांच्याच काढतो आम्ही. जरा चुळबूळ करत होते, मग बसले."

"त्यांना विचारलं होतंत?"

मुलीने मिस्त्रींकडे आणि मग चादरबाईकडे बघितलं. तिला प्रश्नच कळला नव्हता. "पण ते बोलत नाहीत ना, आजी."

"विचारलं की उत्तर देतात. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. फायलीत लिहून ठेव."

"फायलीत रक्तदाब, औषधं आणि शौच, एवढेच रकाने आहेत."

"मग वर लिही. सगळ्यात वर. लिहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मुलीने लिहिलं. वाईट नव्हती मुलगी. तिच्याकडे एकवीस माणसं होती.

चादरबाईने स्टूल ओढलं. डबा उघडला, भरवलं, तोंड पुसलं. हाताला सवय होती तिथे मिशी नव्हती, तिचा रुमाल दोनदा रिकाम्या जागेवर जाऊन आला. मग तिने घरचं सांगितलं. भाऊ पहाटेच येऊन बसतो आणि टोपी नीट घालायला लागलाय. तपासनीस बाईंनी स्वतः येऊन नवी पट्टी मारली. त्यांना तुमच्याएवढी सफाई नाही, कडा जाड झालीय. मिस्त्री ऐकत होते. इथल्या खुर्चीच्या हातांना जाड फोम लावून वर रेक्झिन चढवलेलं होतं, आणि त्यांचं बोट त्यावर नुसतं रुतत होतं. काही वाजत नव्हतं. तीन दिवसांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने आपला तळहात त्यांच्या बोटाखाली सरकवला.

"बरं आहे का इथे?"

बोट तिच्या तळहातावर एकदा टेकलं. तिने श्वास सोडला. तो पुरता सोडूनही झाला नव्हता, तेवढ्यात ते परत उचललं गेलं आणि दुसऱ्यांदा टेकलं.

चार वाजायला अजून साडेतीन तास होते. तिने हात काढला नाही.